लॅपटॉप बंदच होईना गेलाय : स्क्रीन काळी, पंखा चालूच

टेरीटॉवेल · रविवार, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. बिलं, कामगारांचा हिशेब, जीएसटी, सगळं एकाच लॅपटॉपवर. २०१९ चा आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी मागनं टाकून घेतली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा पोरानं विंडोज ११ चढवून दिलं. चालतंय मस्त. पण बंद होईना गेलंय.

संध्याकाळी शट डाऊन दाबलं की गोल फिरतं, स्क्रीन काळी होते, आपल्याला वाटतं झालं. झाकण लावून घरी. सकाळी येऊन बघतो तर बटणाचा दिवा चालू, पंखा गरगरतोय, खालनं हात ठेववत नाही. चार्जर काढलेला असला तर बॅटरी पार शून्य. कुठलंही बटण दाबा, स्क्रीनवर काही येत नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, विझवायचं आणि परत चालू करायचं.

गावातल्या एका दुकानात दाखवलं. त्यानं उघडूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला फॉरमॅट मारू, नाही झालं तर मदरबोर्ड. इकडं मार्च एंड डोक्यावर, २० तारखेला जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचाय. आत्ता फॉरमॅट मारून परत सगळं बसवत बसायला वेळ कुठनं आणू? दुसरा काही उपाय असेल तर सांगा.

कडकभाकरी · रात्री १०:३१

फॉरमॅट मारा मालक. विंडोजला दुसरं औषध नाही. बॅकअप घ्या आणि मारून टाका.

विजापूरवेस · रात्री १०:३४

काय बे, त्यांनी शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते तरी वाच की.

कडकभाकरी · रात्री १०:३५

वाचलं बे. म्हणून तर बॅकअप म्हणालो.

तिसरीपाळी · रात्री ११:०५

फॉरमॅटचं नंतर बघू. आधी थोडं विचारतो, उत्तरं द्या, मग पुढं जाऊ.

शट डाऊनऐवजी रिस्टार्ट केलं तर काय होतं? नीट बंद होऊन परत चालू होतं का, की तिथंही काळ्या स्क्रीनवर अडकतं?

की-बोर्डवर शिफ्ट दाबून ठेवून माउसनं शट डाऊनवर क्लिक केलं तर? शिफ्ट सोडायचं नाही, स्क्रीन काळी होईपर्यंत दाबूनच ठेवायचं.

आणि यूएसबीला काय काय लावलेलं असतं? माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन, सगळं सांगा.

टेरीटॉवेल · सोमवार, दुपारी १:१५

जेवायच्या सुट्टीत करून बघितलं. रिस्टार्ट एकदम व्यवस्थित होतंय. शिफ्ट धरून केलं तर काय सांगू, पंखा थांबला, दिवा गेला, पूर्ण बंद! परत साधं शट डाऊन केलं तर परत तेच, दिवा चालू.

यूएसबीला बिनवायरीच्या माउसचं बटणाएवढं ते असतं, सहीचं टोकन आणि लेबल छापायचा प्रिंटर.

विजापूरवेस · दुपारी १:२२

शिफ्टमध्ये काय जादू आहे?

तिसरीपाळी · दुपारी १:५८

जादू काही नाही. उलट यानं मदरबोर्डवाला सल्ला निम्मा मोडीत निघाला, कारण बोर्डालाच वीज तोडता येत नसती तर शिफ्ट धरूनही तोडता आली नसती.

विंडोज ८ आलं २०१२ मध्ये. तेव्हापासून साधं शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आहे, बहुतेक लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शट डाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचं खातं लॉगऑफ होतं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे माउस-प्रिंटरसारखी यंत्रं विंडोजशी जोडणारे छोटे प्रोग्रॅम, आहे त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. हायबरफिल नावाची लपवलेली फाइल असते सी ड्राइव्हवर. सकाळी चालू करताना नव्यानं सगळं मांडायचं नाही, ती फाइल उचलायची, म्हणून लवकर उघडतं. रिस्टार्टमध्ये मात्र हे होत नाही, तिथं सगळं खरोखर मोडून नव्यानं उभं राहतं. शिफ्ट धरून शट डाऊन केलं की तेही पूर्ण बंद.

कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर शेड बंद करताना आधी माग थांबतात, मग माणसं बाहेर पडतात, शेवटी मेन स्विच. तुमच्याकडं माग थांबताहेत, माणसंही गेलीत, मेन स्विच पाडणाराच मध्ये कुठंतरी अडकतोय. तेही फक्त फास्ट स्टार्टअपच्या वाटेनं जाताना. म्हणजे कुठलातरी ड्रायव्हर "मी झोपलो" असं सांगतच नाहीये. जुन्या विंडोजवरनं नव्यावर गेल्यावर असं होणं अगदी ओळखीचं आहे, कारण ड्रायव्हर तेच जुने ओढून आणलेले असतात किंवा विंडोजनं आपल्या मनानं कुठलातरी सर्वसाधारण टाकलेला असतो.

आता करायचं काय. कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात पॉवर ऑप्शन्स, डावीकडं "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू". वर निळ्या अक्षरात "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" असेल त्यावर क्लिक केल्याशिवाय खालच्या खुणा हलत नाहीत. मग "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" ची खूण काढा, सेव्ह करा. चार दिवस वापरून सांगा. हा इलाज मुळावरचा नाही, पण तुमची बॅटरी तरी रात्रभर जळायची थांबेल.

खटपट्या · दुपारी २:१०

एवढं कशाला फिरायचं? कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि "पॉवरसीएफजी" टाइप करून स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. एंटर. फास्ट स्टार्टअप गेलं, वर ती हायबरफिल फाइलपण गेली, जागा मोकळी. रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते ती.

तिसरीपाळी · दुपारी २:१६

खरंय, पण त्यानं हायबरनेटही जातं. यांचा लॅपटॉप आहे, उद्या वीज गेली आणि बॅटरी संपत आली तर विंडोज उघडी कामं डिस्कवर ठेवून हायबरनेट होऊ शकतं, ती सोय गमवायची कशाला? नुसती खूण काढा. ३ जीबी जागेसाठी एवढा सौदा मला पटत नाही.

सोलापूरसोडलेली · दुपारी ३:४०

मध्येच घुसते, माफ करा. माझं वेगळं आहे पण जवळचंच वाटतंय. दर महिन्याला हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे-सोलापूर करते. लॅपटॉप झाकण लावून पिशवीत टाकते आणि कुर्डुवाडीपर्यंत पिशवी गरम झालेली असते. शट डाऊन करत नाही, झाकणच लावते फक्त.

तिसरीपाळी · दुपारी ४:०२

तुमचा बंद होतच नाहीये, तो फक्त डुलकी घेतोय. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी स्लीप काढून मॉडर्न स्टँडबाय दिलेली असते, फोनसारखी. स्क्रीन विझते पण आतून मेल, अपडेट, वायफाय अधूनमधून जागं होतं. पिशवीत हवा नाही, मग तापणारच.

कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश ए टाका. यादीत वर "स्टँडबाय, एस झिरो लो पॉवर आयडल" दिसलं तर हेच कारण. उपाय म्हणजे वर जिथं मी त्यांना पाठवलं त्याच्या शेजारीच "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज" आहे, तिथं स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर खटपट्यांची कमांड कुणीतरी आधीच चालवलेली असणार, त्यात ऑफऐवजी ऑन टाका.

खटपट्या · दुपारी ४:०५

🙏

पेंग्विनदादा · रात्री ९:१२

फास्ट स्टार्टअपविषयी आणखी एक. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी ते बंदच ठेवावं. विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, त्याचं पार्टिशन उघडं धरून. मग लिनक्समध्ये ते नुसतं वाचायला मिळतं, लिहायला नाही. जबरदस्तीनं लिहिलं तर विंडोज परत जागं झाल्यावर गोंधळ होऊ शकतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना डिस्क खराब झाली असं वाटलेलं असतं आणि कारण एवढंच असतं.

कडकभाकरी · रात्री ९:१५

आले लिनक्सवाले. आता टॉवेलवाल्यांना उबुंटू टाकायला लावणार.

पेंग्विनदादा · रात्री ९:२१

नाही लावत. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सहीचं टोकन आहे त्यांच्याकडं, त्यांनी विंडोजवरच राहावं. आणि लिनक्सवरही बंद होताना अडकतं बरं. "अ स्टॉप जॉब इज रनिंग" म्हणून येतं आणि बहुतेक ठिकाणी ९० सेकंद मोजत बसतं. पण कुणासाठी थांबलंय त्याचं नाव तरी समोर लिहिलेलं असतं, विंडोज नुसतं गोल फिरवत राहतं.

तिसरीपाळी · रात्री ९:४०

विंडोजही सांगतं, त्याला सांगायला लावावं लागतं. गरज पडली तर लिहीन.

डागवाला · मंगळवार, सकाळी ११:३०

माझा दुरुस्तीचाच धंदा आहे, म्हणून हार्डवेअरच्या अंगानं बोलतो. लॅपटॉप रात्रभर असा तापत राहिलाय, बॅटरी रोज शून्याला जातेय. मालक, एक करा. लॅपटॉप सपाट काचेवर ठेवा आणि बघा चारी पाय टेकताहेत का, की मध्ये फुगून डुलतोय. टचपॅड एका बाजूनं वर आलाय का, त्याचं क्लिक घट्ट लागतंय का, झाकण नीट बसतंय का. यातलं काही असेल तर बॅटरी फुगलीय. मग शट डाऊनचं राहू द्या, चार्जर काढा आणि वापरणं थांबवा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबातच नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. लिथियम बॅटरीचं आयुष्य उन्हानं झपाट्यानं कमी होतं, भरलेली असताना तर जास्तच.

दुसरं, न उघडता मदरबोर्ड सांगणाऱ्याकडं परत जाऊ नका.

टेरीटॉवेल · मंगळवार, रात्री ८:१०

काचेवर ठेवून बघितलं, चारी पाय टेकताहेत. टचपॅडही सरळ आहे. जीव भांड्यात पडला.

फास्ट स्टार्टअप काढलं. काल संध्याकाळी बंद केलं, सकाळी दिवा विझलेला, बॅटरी होती तेवढीच. आजही बंद झालं. उघडायला जरा वेळ लागतोय, पण माझा चहा होईपर्यंत उघडतंय.

एक विचारायचंय. इतके दिवस बटण दाबून धरून बंद करतोय, त्यानं काही बिघडलं असेल का?

विजापूरवेस · रात्री ८:१८

मी तर रोज तसंच करतो.

डागवाला · रात्री ८:४५

मग तुमच्या डिस्कचा नवस बोलून ठेवा.

बटण दाबून धरणं म्हणजे चालत्या यंत्राची वीज तोडणं. चार सेकंद धरलं की बंद व्हावं असा नियम आहे, काही लॅपटॉप दहाएक सेकंद घेतात. बोर्डाला त्यानं काही होत नाही. जोखीम आहे ती त्या क्षणी डिस्कवर काय लिहिलं जात होतं त्याला. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं नसेल तर बहुधा निभावतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर मी जास्त घाबरवलं असतं. तरी एकदा चेकडिस्क करून घ्या, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक.

तिसरीपाळी · रात्री ९:०५

आणि हिशेबाचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आतल्या बॅकअपनंच घ्या. उघडं असताना नुसतं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलं तर अर्धवट फाइल येते आणि ते कळतं ऑडिटच्या दिवशी. दोन प्रती करा. एक कारखान्यात ठेवायची नाही.

टेरीटॉवेल · शनिवार, रात्री ९:५०

परत आलो. काल रात्री परत अडकलं, पण या वेळी वेगळं. स्क्रीन काळी झालीच नाही. निळ्या स्क्रीनवर "शटिंग डाऊन" आणि गोल फिरतंय, फिरतंय. भिवंडीच्या पार्टीशी फोनवर बोलणं संपलं तरी फिरतंच होतं. शेवटी वैतागून बटण दाबलं. फास्ट स्टार्टअपची खूण बघितली, काढलेलीच आहे.

कडकभाकरी · रात्री ९:५२

मी काय म्हणालो होतो पहिल्या दिवशी?

खटपट्या · रात्री १०:०१

विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, म्हणजे रजिस्ट्रीत, "वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट" म्हणून एक असतं. ५००० असतं म्हणजे पाच सेकंद. ते कमी करून २००० करा. कुणी थांबवत असेल तर विंडोज त्याला लवकर हाणून बाहेर काढेल.

तिसरीपाळी · रात्री १०:३०

हे करू नका. ही वेळ सगळ्या सर्व्हिसेसना, म्हणजे पडद्यामागं चालणाऱ्या प्रोग्रॅमना, लागू होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस सर्व्हिस म्हणून चालत असेल तर त्यालाही तुम्ही दोन सेकंदात हाकलताय, आणि तो बिचारा शेवटच्या नोंदी लिहीत असेल. शिवाय आकडा कमी करून यांचं काम होणारही नाही. पाच सेकंदांची मुदत असूनही इतका वेळ फिरतंय, याचा अर्थच असा की विंडोजला त्याला मारता येत नाहीये. एखादी प्रोसेस ड्रायव्हरकडं काम देऊन उत्तराची वाट बघत बसली असेल तर ड्रायव्हर परत येईपर्यंत ती मरत नाही. टास्क मॅनेजरनं कितीही मारा.

आता ती नाव सांगायची युक्ती. हे पहिल्यापेक्षा वेगळं दुखणं आहे, पहिल्यात माग थांबून शेवटी अडकत होतं, यात मागच थांबेना.

रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग उजव्या रिकाम्या जागेत राइट क्लिक, न्यू, डीवर्ड ३२ बिट. नाव "व्हर्बोस स्टेटस", इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, सलग. स्पेलिंग व्ही-ई-आर-बी-ओ-एस-ई आणि पुढं लगेच एस-टी-ए-टी-यू-एस. त्यावर डबल क्लिक करून किंमत १. एकदा रिस्टार्ट करा. यानंतर बंद होताना नुसतं "शटिंग डाऊन" न येता कुठली सर्व्हिस बंद करतोय ते एकेक नावानिशी येईल. जिथं थांबेल तिथला मोबाइलनं फोटो काढा.

विजापूरवेस · रात्री १०:३६

हे दुकानदार का सांगत नाहीत?

डागवाला · रात्री १०:५०

फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात, कारण शोधायचे कुणी देत नाही. गिऱ्हाईक समोर बसून "किती वेळ" विचारत असतं. आमची बाजू पण समजून घ्या की.

टेरीटॉवेल · सोमवार, रात्री ८:३०

सापडला!! फोटो काढलाय. "शटिंग डाऊन सर्व्हिस : प्रिंट स्पूलर". तिथंच थांबलं होतं. लेबलच्या प्रिंटरची वायर उपटली आणि क्षणात बंद झालं.

फोटो टाकतोय. खाली लॅपटॉपचं स्टिकरही दिसतंय, मॉडेल कळावं म्हणून.

विजापूरवेस · रात्री ८:३३

मालक, फोटो आधी काढा. स्टिकरवर सीरियल नंबर आहे, असा चारचौघांत टाकू नये.

टेरीटॉवेल · रात्री ८:३७

काढला. मॉडेल तिसरीपाळींना व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

तिसरीपाळी · रात्री ९:१५

स्पूलर म्हणजे छापायची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन त्या लेबल प्रिंटरची रांग उघडा. माझा अंदाज, जुनी कामं "डिलीटिंग" किंवा "एरर" दाखवत पडलेली असणार. रोल संपल्यावर लेबलं सोडलेली, मग नंतर परत सोडलेली, असलं काहीतरी.

नुसतं कॅन्सल करून ती जात नाहीत. सर्व्हिसेस उघडा, प्रिंट स्पूलर शोधा, स्टॉप करा. मग फाइल एक्स्प्लोररमध्ये सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर. त्या फोल्डरच्या *आतल्या* फाइली डिलीट करायच्या, फोल्डर ठेवायचं. परत सर्व्हिस स्टार्ट. त्यानंतर प्रिंटरचा ड्रायव्हर काढून प्रिंटर बनवणाऱ्याच्या साइटवरचा विंडोज ११ चा टाका. जुना ड्रायव्हर विंडोज १० सोबत आलेला असणार, तोच चालू राहिलाय.

स्पूलर स्टॉप होताहोताच अडकला तर आधी प्रिंटरची वायर काढा, तुम्ही केलंत तसंच.

टेरीटॉवेल · मंगळवार, दुपारी २:४०

जानेवारीपासूनची कामं पडली होती त्यात! गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीआधी सोडलेली लेबलंसुद्धा. सगळी उडवली, ड्रायव्हर नवा टाकला. वायर लावलेली असताना शट डाऊन केलं, पटकन बंद झालं.

कडकभाकरी · दुपारी २:४४

म्हणजे फॉरमॅट मारला असता तरी गेलं असतं की.

तिसरीपाळी · दुपारी ३:१०

गेलं असतं. आणि तोच जुना प्रिंटर ड्रायव्हर त्याच जुन्या सीडीवरनं परत टाकला असता की परत आलं असतं.

टेरीटॉवेल, तुमचं मॉडेल बघितलं. पहिल्या दुखण्याचं मूळ राहिलंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, शेवटी शेवटी सिस्टिम डिव्हायसेस आहे, त्यात "मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस" असं एक सापडेल. प्रोसेसरशेजारचं हे एक वेगळं छोटं इंजिन असतं, वीज चालू-बंद करण्याच्या व्यवहारात त्याचा हात असतो. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या फर्मवेअरशी, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या सॉफ्टवेअरशी, जुळणारा नसला की नेमकं तुम्ही सांगितलं तसंच होतं, स्क्रीन काळी आणि पंखा, दिवा चालू. २०१५ मध्ये लोक विंडोज १० वर गेले तेव्हा याच्या तक्रारींचा पूर आला होता.

त्यावर डबल क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर "अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस" ची खूण काढा. टॅब नसला तर घाबरू नका, काही मशीनवर तो दाखवतच नाहीत. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर टाकून, चिपसेटच्या सदरात जो मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर *त्यांनी* दिलाय तोच घ्या. तो दिसायला जुना असेल. असू द्या. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, नवा नंबर दिसला की डोळे झाकून चढवतात आणि सोबत स्वतःच्या जाहिराती.

त्याच पानावर बायॉसचं, म्हणजे बोर्डावरच्या त्या फर्मवेअरचं, अपडेटही असेल. ते आत्ता नको. ड्रायव्हरनं भागलं तर लागणारही नाही. करायचंच झालं तर बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला, आणि वळवाचा पाऊस गरजत नसलेला दिवस बघून. मध्येच बंद पडलं तर तेव्हा खरोखर मदरबोर्डवाल्याकडं जावं लागेल.

खटपट्या · दुपारी ३:३०

इव्हेंट व्ह्यूअरबद्दल, विंडोजच्या नोंदवहीबद्दल, कुणीच बोललं नाही अजून. त्यात नंबर असतात ना बंद होण्याचे?

तिसरीपाळी · दुपारी ४:२०

असतात. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडून फिल्टर लावायचा. १०७४ म्हणजे बंद कर असं कुणी आणि का सांगितलं त्याची नोंद, ही सगळ्यात कामाची, रात्री अपडेटनं स्वतःहून रिस्टार्ट केलं का ते यातच कळतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळी अवचित बंद पडलं होतं. ४१, कर्नल पॉवर, म्हणजे नीट बंद न होता परत चालू झालं. टेरीटॉवेलांच्या लॉगमध्ये ४१ ची रांग लागलेली असणार, पण तो त्यांच्याच बोटाचा पुरावा आहे, कारणाचा नाही. नेटवर लोक ४१ बघून थेट पॉवर सप्लाय बदलायला धावतात.

६००६ म्हणजे नीट बंद, पण फास्ट स्टार्टअप चालू असताना तो शोधत बसू नका, कारण तेव्हा लॉग लिहिणारी सर्व्हिस बंद होतच नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयूखाली "अप टाइम" बघा. रोज शट डाऊन करूनही तिथं आठ-दहा दिवस दिसत असतील तर फास्ट स्टार्टअप चालू आहे हे न विचारता कळतं.

सोलापूरसोडलेली · दुपारी ४:४५

माझं झालं काम, हायबरनेट लावल्यापासून पिशवी गार. धन्यवाद! एक राहिलं, माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपला "अपडेट अँड शट डाऊन" दाबलं की अपडेट होऊन परत चालूच होतो. तेही ड्रायव्हरचं का?

तिसरीपाळी · संध्याकाळी ५:०५

नाही, ती विंडोजचीच जुनी खोड. २०२५ च्या शेवटी शेवटी विंडोज ११ च्या अपडेटमध्ये ती दुरुस्त केलीय. अपडेट पूर्ण करून घ्या. तोवर अपडेट अँड रिस्टार्ट करायचं, चालू झाल्यावर साधं शट डाऊन.

टेरीटॉवेल · गुरुवार, रात्री ९:३०

पॉवरचा टॅब नव्हता. कंपनीच्या पानावरचा मॅनेजमेंट इंजिनवाला ड्रायव्हर टाकला, खरंच जुन्या तारखेचा होता. तपासायला म्हणून फास्ट स्टार्टअपची खूण परत लावली आणि साधं शट डाऊन केलं. बंद झालं. पंखा, दिवा दोन्ही. परत केलं, परत बंद.

आता खूण ठेवू की काढू? आणि ते व्हर्बोस स्टेटस पण काढायचं का?

डागवाला · रात्री ९:४१

एसएसडी आहे ना? मग काढा. फार तर काही सेकंदांचा फरक.

तिसरीपाळी · रात्री १०:००

मीही काढाच म्हणेन. रोज पूर्ण बंद होऊन नव्यानं उघडलेलं मशीन हिशेबाच्या कामाला बरं, सहीची टोकनं आणि प्रिंटर कमी रुसतात. फक्त वर्षाकाठी विंडोजचं मोठं अपडेट येतं त्यानंतर ती खूण एकदा बघत जा, कधी कधी आपोआप परत लागलेली असते. त्याच वेळी मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर बदलला गेलाय का तेही बघा, बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर "रोल बॅक" असतं. डाउनलोड केलेली फाइल बॅकअपच्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. व्हर्बोस स्टेटस राहू द्या. त्यानं काही हळू होत नाही, नुसती नावं दिसतात.